धुराची वाट: जुन्या पिकअपचा सायलेन्सर समजून घेताना



दोन पावसाळे आम्ही म्हणत होतो, "गाडी लागली." धडगावच्या बाजूला चांदसैलीच्या घाटात पिकअपच्या हौद्यात ताडपत्रीखाली बसलेल्या बायांना मळमळायचे, पोरांची डोकी दुखायची, एखादे ओकायचे. घाटात वळणेच तशी आहेत, म्हणून कोणी दुसरा विचार केला नाही. पुढे केबिनमध्ये बसणाऱ्या मला कधीच काही झाले नाही, आणि यातच काही खूण आहे हे माझ्या ध्यानात आले नाही. (मालवाहू गाडीत माणसे बसवणे कायद्याला धरून नाही. वरच्या पाड्यांवरून दवाखान्यात यायला वेळेवर दुसरे वाहन मिळत नाही म्हणून ते घडते. घडते म्हणून ते बरोबर ठरत नाही, हेही इथे लिहून ठेवते.)

गेल्या उन्हाळ्यात गाडीचा आवाज फारच वाढला, म्हणून ती गॅरेजमध्ये नेली. मिस्त्रीने गाडी खड्ड्यावर घेतली आणि मला खाली बोलावले. "ताई, हे बघा. पाइप इथंच संपलाय." मागच्या चाकांच्या अलीकडे, हौद्याच्या बरोबर खाली! गाडी आमच्याकडे येण्याआधी कोणीतरी सडलेला मागचा पाइप कापला होता आणि नवा बसवलाच नव्हता. वर हौद्याच्या पत्र्याला गंजून रुपयाएवढी भोके पडलेली. धूर खालून निघत होता आणि ताडपत्रीखाली साठत होता.

हे किती गंभीर आहे ते मला नंतर वाचून कळले. अमेरिकेतील सिॲटल येथील डॉक्टरांनी १९९२ साली एका वैद्यकीय नियतकालिकात पिकअपच्या मागच्या भागात बसून विषबाधा झालेल्या २० मुलांची हकिकत छापली. १७ मुले हौद्यावरच्या पक्क्या छताखाली होती आणि ३ ताडपत्रीखाली. त्या गाड्यांच्या सायलेन्सरला आधीपासून माहीत असलेली गळती तरी होती, नाहीतर पाइपाचे तोंड बाजूला नसून मागे होते. एक मूल दगावले.

विष होते कार्बन मोनॉक्साइडचे. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून जास्त ओढीने चिकटतो. सुरुवातीची लक्षणे म्हणजे डोकेदुखी, मळमळ, चक्कर. थोडक्यात, आपण ज्याला गाडी लागणे म्हणतो तेच. डिझेल इंजिन हा वायू पेट्रोलपेक्षा बराच कमी सोडते हे खरे. पण डिझेलच्या धुरात काजळी आणि नायट्रोजनचे ऑक्साइड असतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली हा धूर निश्चितपणे कर्करोगकारक म्हणून नोंदवला आहे. "आपली गाडी डिझेलची आहे" म्हणून निर्धास्त राहू नये.

आता धडा. गॅरेजमध्ये इंजिनापासून शेवटपर्यंतच्या सगळ्या नळीला "सायलेन्सर" म्हणतात, त्यामुळे गोंधळ होतो. खरा सायलेन्सर म्हणजे मधला फुगीर डबा. धुराची वाट त्याच्या बरीच आधी सुरू होते. इंजिनाच्या बाजूला बिडाचा मॅनिफोल्ड असतो. चार सिलिंडरांचा धूर तो एका तोंडाशी आणतो. त्याच्या आणि इंजिनाच्या मध्ये पॅकिंग असते. गाडीला टर्बो असेल तर धूर आधी त्याचे पाते फिरवतो आणि मग वाकड्या पाइपाने खाली उतरतो. याच भागातून एक बारीक नळी परत हवा आत घेणाऱ्या बाजूला गेलेली दिसेल. ती ईजीआरची. थोडा धूर पुन्हा इंजिनात पाठवण्यासाठी ती मुद्दाम दिलेली असते. "ही कशाला?" म्हणून कोणाला बुजवू देऊ नका.

खाली उतरल्यावर बऱ्याच गाड्यांत जाळीदार, लवचीक पाइपाचा तुकडा लागतो. इंजिन रबरावर बसलेले असल्याने हलते, चेसिस हलत नाही, म्हणून मधे काहीतरी वाकणारे हवेच. हा तुकडा फाटला की तिथे सरळ लोखंडी नळी वेल्डिंग करून बसवण्याची आपल्याकडे सवय आहे. तसे केले की काही महिन्यांत मॅनिफोल्डजवळ तडा जातो, आणि तिथला धूर सरळ केबिनमध्ये येतो. स्वस्त पडते, पण ही दुरुस्ती मला मान्य नाही.

पुढे चेसिसच्या कडेने सायलेन्सरचा डबा आणि मग शेवटचा पाइप. मागचा ॲक्सल खड्ड्यांत वरखाली होतो, त्यामुळे पाइप त्याच्यावरून कमान करून जातो. डबा बहुधा आतून सडतो. एक लिटर डिझेल जळले की सुमारे एक लिटर पाणी वाफेच्या रूपात बाहेर पडते. गाडी रोज दोन-चार किलोमीटरच धावली तर डबा पुरता तापत नाही आणि ते पाणी आतच राहते. बाहेरून रंग छान दिसतो, आणि सुरी टोचली की ती आत जाते.

जुन्या गाडीत अडचण अशी की पुस्तकातले चित्र आणि खालची वस्तुस्थिती जुळत नाही. मधल्या मालकांनी, मिस्त्रींनी काय काय केले त्याची नोंद नसते. मिस्त्रीने मला एक युक्ती दाखवली, ती सांगते. पाइप पाहू नका, चेसिस पाहा. मूळ पाइप जिथून गेला होता तिथे हँगर रबर अडकवायचे आकडे असतात. पाइप काढून टाकला तरी आकडे राहतात. आमच्या गाडीत ॲक्सलच्या मागे उजव्या बाजूला असे दोन रिकामे आकडे गंजून लटकत होते. तिथेच मूळ तोंड होते! मग आम्ही मागून पुढे येत प्रत्येक आकडा, प्रत्येक जोड खडूने खुणावला आणि वहीत आराखडा काढला. आर.सी. बुकातले सालही त्यावर लिहिले, कारण सामान सालाप्रमाणे बदलते. भारत स्टेज-४ देशभर एप्रिल २०१७ पासून आणि स्टेज-६ एप्रिल २०२० पासून लागू झाले. स्टेज-६ च्या डिझेल गाडीत काजळी अडवणारा फिल्टर आणि सेन्सर असतात. तिथे कापाकापी अजिबात करू नये.

गळती शोधायला महागडे यंत्र लागत नाही. गाडी उघड्यावर उभी करा, इंजिन थंड असताना सुरू करा. थंडपणी "टिक टिक" वाजते आणि गरम झाल्यावर थांबते, तर मॅनिफोल्डचे पॅकिंग पाहा. धातू फुगून फट बुजते म्हणून आवाज थांबतो. मग एकाने ओल्या फडक्याचा बोळा पाइपाच्या तोंडावर दोन-चार सेकंदच धरायचा, दुसऱ्याने ऐकायचे. जिथे फुसफुस होईल तिथे गळती. बंद गाडीत जोडाभोवती काळ्या काजळीचा पट्टा दिसला तरी तेच समजावे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. खाली घोडी लावा किंवा खड्ड्यावर घ्या. वेल्डिंगआधी बॅटरीच्या तारा सोडवा आणि जवळून जाणाऱ्या ब्रेकच्या व डिझेलच्या नळ्या कुठे आहेत ते मिस्त्रीला दाखवून घ्या.

ताडपत्रीविषयी एक गैरसमज आमच्याही मनात होता. मागचा पडदा उघडा ठेवला की हवा खेळते, असे आम्हाला वाटे. उलटे होते. धावत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि तिथला धूर उघड्या तोंडातून आत ओढला जातो. म्हणून पाइपाचे तोंड नुसते मागे नेऊन पुरत नाही, ते बाजूला आणि हौद्याच्या कडेच्या बाहेर काढावे लागते.

आमचा पाइप आता ॲक्सलवरून कमान करून उजव्या बाजूला, कडेच्या बाहेर दोन बोटे निघतो. डावीकडे काढला नाही, कारण रस्त्याच्या त्या कडेने माणसे चालतात. हौद्याच्या भोकांवर पत्रा मारला आहे. त्यानंतरच्या फेऱ्यांत एका मुलाला ओकारी झाली, तो आधीपासून तापाने फणफणलेला होता; बाकी कोणाचे डोके दुखले नाही. मागच्या आकड्याचे एक रबर मात्र मिळालेले नाही. तिथे सध्या जुन्या ट्यूबची पट्टी बांधली आहे, आणि गाडी भरलेली असली की पाइप पाट्याला घासतो. पावसाळ्याआधी ते रबर बदलायचे आहे.