अतिसक्रिय मूत्राशय आणि इंजेक्शनचा उपचार
निर्णयापूर्वी काय पाहावे?

काही व्याधी माणसाला अंथरुणाला खिळवीत नाहीत. मात्र त्याचे घराबाहेर पडणे हळूहळू बंद करतात. मूत्राशयाची अतिसक्रियता ही अशीच एक व्याधी होय. इंदापूरहून पुण्याला एस.टी.ने जावयाचे तर सुमारे १४० किलोमीटरचा प्रवास करावा लागतो. त्या धास्तीने सकाळपासून पाण्याचा घोटही न घेणाऱ्या स्त्रिया, किंवा ग्रामसभेत दाराजवळची जागा धरून बसणारे वयस्क गृहस्थ, यांचे दुखणे बहुधा कोणाच्या कानी जात नाही. लाजेपोटी ते वर्षानुवर्षे झाकले जाते.

व्याधीचे स्वरूप

मूत्राशय ही स्नायूंची पिशवी आहे. ती पुरेशी भरल्यावर मेंदूला सूचना मिळते आणि योग्य वेळी स्नायू आकुंचन पावून लघवी बाहेर पडते. या व्याधीत पिशवी भरण्यापूर्वीच स्नायू आकुंचन पावू लागतात. अनावर घाई होणे, दिवसात आठ किंवा अधिक वेळा जावे लागणे, रात्री वारंवार उठणे आणि प्रसंगी वाटेतच लघवी होणे, ही तिची लक्षणे होत.

अशीच लक्षणे मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, मधुमेह, मूतखडा, पुरुषांतील प्रोस्टेट ग्रंथीची वाढ, तसेच मज्जारज्जूचे विकार यांतही आढळतात. म्हणून लघवीची व रक्तातील साखरेची तपासणी आधी झाली पाहिजे. त्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रापासून आरंभ करता येतो. लघवीत रक्त दिसल्यास मात्र विलंब न लावता तज्ज्ञांकडे जावे.

आधी साधे उपाय

रुग्णाने तीन दिवस पाणी किती प्यालो आणि लघवीस केव्हा गेलो, याची नोंद ठेवावी. चहा-कॉफी कमी करणे, बद्धकोष्ठता टाळणे, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम आणि दोन खेपांमधील अंतर पंधरा-पंधरा मिनिटांनी वाढवीत नेणे, या उपायांनी अनेकांना उतार पडतो. पाणी अगदीच तोडणे हितावह नाही. त्यामुळे लघवी दाट होऊन मूत्राशयाचा दाह वाढतो. यानंतर गोळ्यांचा विचार होतो. काही गोळ्यांनी तोंडाला कोरड पडते व शौचास कठीण होते, तर काहींनी रक्तदाब वाढू शकतो. त्यामुळे त्या वैद्यकीय सल्ल्यानेच घ्याव्यात.

इंजेक्शन म्हणजे काय?

एवढे करूनही गुण न आल्यास बोटुलिनम टॉक्सिन, म्हणजेच बोटॉक्स या नावाने परिचित असलेल्या औषधाचा पर्याय पुढे येतो. मूळचे हे एका जिवाणूचे जहाल विष. परंतु अत्यल्प मात्रेत ते स्नायूंचे अवाजवी आकुंचन रोखते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ मध्ये मज्जातंतूंच्या विकारामुळे होणाऱ्या मूत्रविकारासाठी आणि २०१३ मध्ये अतिसक्रिय मूत्राशयासाठी त्यास मान्यता दिली. मूत्ररोगतज्ज्ञ मूत्रमार्गातून दुर्बीण घालून मूत्राशयाच्या भिंतीत सुमारे वीस ठिकाणी मिळून १०० युनिट औषध टोचतात. जागा बधिर करून हे काम थोड्या वेळात होते. परिणाम साधारणतः दोन आठवड्यांत जाणवतो आणि बहुधा सहा ते नऊ महिने टिकतो. पुढे इंजेक्शन पुन्हा घ्यावे लागते.

निर्णयाची कसोटी

या उपचाराची दुसरी बाजूही ध्यानी घेतली पाहिजे. स्नायू प्रमाणाबाहेर शिथिल झाल्यास लघवी तुंबते. चाचण्यांत शंभरांपैकी सुमारे सहा रुग्णांना असा त्रास झाला. अशा वेळी काही आठवडे किंवा महिने दिवसातून काही वेळा स्वतः नळी घालून मूत्राशय रिकामे करावे लागते. जंतुसंसर्गाची शक्यताही वाढते. म्हणून नळी घालण्यास मनाची तयारी नसलेल्या रुग्णाने हा उपचार स्वीकारू नये. लघवीत जंतुसंसर्ग असताना इंजेक्शन देत नाहीत. गर्भारपण, स्नायुदौर्बल्याचा आजार किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्यास तसे डॉक्टरांना आधीच सांगावे.

खेड्यातील रुग्णासाठी प्रश्न केवळ औषधाचा नाही. रात्री लघवी तुंबल्यास जावयाचे कोठे, नळी घालण्यास शिकविणार कोण, दोन आठवड्यांनी सोनोग्राफी होणार कोठे आणि काही महिन्यांनी पुन्हा येणाऱ्या खर्चाची तरतूद काय, याची उत्तरे होकार देण्यापूर्वीच मिळवावीत. बारामती येथे २०१९ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. तेथे, किंवा पुण्याच्या ससून रुग्णालयात, आपल्या प्रकृतीस कोणता उपचार योग्य व तो कोठे मिळेल, याची चौकशी करता येईल.

गावाचे कर्तव्य

शाळा, बाजार व एस.टी. स्थानक येथील स्वच्छतागृहांत पाणी आणि आतून लागणारी कडी असणे, ही या रुग्णांची पहिली गरज आहे. ती पंचायतीने भागवावी. शिक्षकांनी व आशा सेविकांनी या दुखण्याविषयी मोकळेपणाने बोलावे. वयोमानाचा दोष समजून सोसत राहण्याची ही गोष्ट नव्हे, एवढे गावात रुजले तरी अनेक रुग्ण वेळीच दवाखान्याची पायरी चढतील.