विसराचा आजार आणि सांभाळणाऱ्यांच्या गोष्टी

आपल्या वाड्यांत या आजाराला धड नाव नाही. "म्हातारचळ लागलो" असे म्हणतात, "डोक्यावर परिणाम झालो" असे म्हणतात, आणि आवाज खाली आणून "कोणी तरी काय तरी केल्यान" असेही म्हणतात. डॉक्टर त्याला स्मृतिभ्रंश किंवा डिमेन्शिया म्हणतात. मालवण तालुक्यातल्या बौद्धवाड्यांत आम्ही वयस्कर माणसांचा रक्तदाब आणि साखर तपासायला फिरतो. म्हातारीची तपासणी होते, कागदावर आकडे लिहून होतात, आणि मग दाराशी उभी असलेली सून किंवा लेक हळूच विचारते, "ह्या आमच्याच घरात कित्याक?" आजचे पान त्या बाईसाठी आहे. म्हातारीच्या औषधापाण्याबद्दल पुष्कळ बोलले जाते. तिला उठवणारी, भरवणारी, रात्री चारदा दाराची कडी तपासणारी बाई कशी जगते, हे कोणी विचारत नाही.

पहिले उत्तर आकड्यांचे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठी ओलांडलेल्या शंभर माणसांत सुमारे सात जणांना (७.४ टक्के) हा आजार आहे. असे सुमारे ८८ लाख लोक आहेत. पुरुषांपेक्षा बायकांत त्याचे प्रमाण जास्त आणि शहरापेक्षा खेड्यात जास्त. म्हणजे साठीपुढची तीस माणसे असलेल्या वाडीत दोन घरांत तरी तो असण्याची शक्यता आहे. तुमच्या घरात एक, आणि दुसरे घर गप्प आहे.

ते दुसरे घर बोलते झाले तर काय होते, हे किसा गौतमीच्या गोष्टीत आहे. बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात ती घेतली आहे आणि आपल्यातल्या लहान मुलांनाही ती ठाऊक असते. मेलेले मूल कडेवर घेऊन औषध मागत फिरणाऱ्या त्या आईला तथागतांनी मोहरी आणायला सांगितले, पण ज्या घरात कोणी मेलेले नाही अशा घरातूनच. आपण ही गोष्ट अनित्यतेचा धडा म्हणून सांगतो, ते बरोबरच आहे. पण परिचारिकेच्या नजरेने पाहा. तथागतांनी तिला समोर बसवून उपदेश दिला नाही, आधी घरोघरी पाठवले. प्रत्येक दारात कोणीतरी तिला आपले मेलेले माणूस सांगितले असणार. गावात फिरून ती परत आली तेव्हा तिचे दुःख गेले नव्हते, पण ते आता तिचे एकटीचे राहिले नव्हते.

विसराच्या आजारात सांभाळणाऱ्याला नेमकी हीच गोष्ट मिळत नाही. मोतीबिंदू झाला तर सगळी वाडी विचारायला येते. म्हातारी सुनेला "चोर" म्हणू लागली, अंगणात लुगडे सोडू लागली की घरचे दार बंद होते. मग बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातही काळोख पडल्यावर कोणीतरी गुपचूप नारळ ठेवून येते. त्या बाईला आम्ही रागावत नाही. उत्तर मिळत नाही तिथे माणूस नारळाकडे जातो. तिला आम्ही जर्मनीतली एक गोष्ट सांगतो.

१९०१ साली फ्रँकफर्ट शहरात रेल्वेतल्या एका कारकुनाने आपल्या बायकोला इस्पितळात आणले. तिचे नाव ऑगस्ट डेटर, वय ५१. आधी ती नवऱ्यावर संशय घेऊ लागली, मग घरकाम विसरू लागली, वस्तू लपवू लागली, रात्री ओरडू लागली. डॉ. अलोइस अल्झायमर तिच्याशी बोलत, तिला साधे प्रश्न विचारत आणि तिची उत्तरे लिहून ठेवत. १९०६ साली ती वारल्यावर त्यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. मेंदू सुकला होता, पेशींत गुंते झाले होते आणि पेशींच्या बाहेर न विरघळणारा साका जमला होता. डिमेन्शियाचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. फ्रँकफर्टच्या त्या बाईला आपल्या गावातल्या कोणी काही केले नव्हते. तिच्या मेंदूत जे झाले, तेच इथल्या म्हातारीच्या मेंदूत होते. हे मागच्या जन्मीचे पाप नव्हे आणि सुनेच्या हाताचा गुणही नव्हे.

ही गोष्ट ऐकून एका लेकीने विचारले होते, "म्हणजे ती माका मुद्दाम गाळी देत नाय?" नाही, मुद्दाम देत नाही. हे कळल्यावर तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. गोळीने इतक्या लवकर काही उतरलेले आम्ही पाहिलेले नाही.

आता वाड्यांतल्या गोष्टी. नावे कोणाचीच देत नाही.

संध्याकाळ झाली की म्हातारी गाठोडे बांधते. "माका घराक जावचा हा." ज्या घरात पन्नास वर्षे नांदली त्याच घराच्या खळ्यात उभी राहून ती हे म्हणते. "अगो आये, ह्याच तुझा घर" असे सांगून सांगून घरचे थकतात आणि म्हातारी चिडते. खाडीकाठच्या एका सुनेने वाद घालणे सोडले. ती म्हणते, "जाव या, पण आधी पेज जेव." पेज झाली की ती सासूचा हात धरून पाखाडी उतरते, विहाराला एक वळसा घालते आणि परत येते. "इलो बघ घराक." बहुतेक दिवशी एवढे पुरते. म्हातारीला हवे असलेले घर म्हणजे माहेर असेल, किंवा जिथे भीती वाटत नाही अशी कुठलीही जागा असेल. संध्याकाळी उजेड कमी होतो, मेंदू दमलेला असतो, आणि बेचैनी वाढते. म्हणून दिवेलागणीच्या आधीच घरात दिवा लावावा, हेही त्याच सुनेने शोधून काढले. आमच्या नर्सिंगच्या पुस्तकातही ते आहे. तिने ते पुस्तक वाचलेले नाही.

दुसऱ्या घरात चोरीचा आळ. पेन्शनचे पैसे म्हातारी स्वतः तांदळात लपवायची आणि सुनेवर आरडाओरडा करायची. काजूच्या कारखान्यात दिवसभर उभी राहून आलेल्या सुनेने हे किती ऐकावे? तिने तसाच दुसरा डबा आणला, त्यात थोड्या दहाच्या नोटा ठेवल्या. आळ आला की "थांब, दोघी शोधूया" म्हणते आणि डबा सापडवून देते. आळ बंद झाले नाहीत. पण ते आता पाच मिनिटांत संपतात.

तिसरी गोष्ट मुंबईच्या भावाची, आणि ती जवळपास प्रत्येक घरात आहे. चाकरमानी मे महिन्यात चार दिवस येतात. नवीन माणूस दिसले की म्हातारी सावरून बसते, गोड बोलते, जुन्या आठवणी सांगते. मग भाऊ म्हणतो की आई तर चांगली आहे, तुम्हीच तिला नीट बघत नाही. या एका वाक्याने जेवढ्या बायका रडलेल्या आम्ही पाहिल्या, तेवढ्या म्हातारीच्या शिव्यांनी रडलेल्या नाहीत. भावांनो, या आजारात माणूस थोडा वेळ सावरून बसू शकते. तुम्ही पाहिलेत ते चार दिवस. एक पूर्ण रात्र आईच्या खोलीत एकट्याने झोपून पाहा, मग बोला.

एक रिक्षावाला मुलगा आईला स्वतः न्हाऊ घालतो. बायको नाही, बहीण लांब दिली आहे. हे त्याने कोणाला सांगितले नव्हते. पुरुषाने आईचे अंग धुणे म्हणजे लाज, असे त्याला वाटत होते. त्याला आम्ही विहारात दर वर्षावासात वाचली जाणारी, तथागत आणि आजारी भिक्खूची गोष्ट आठवून दिली. अतिसाराने तो भिक्खू स्वतःच्या घाणीत पडला होता. कोणी तुझी सेवा का करत नाही, असे तथागतांनी विचारले, तेव्हा तो म्हणाला की माझा भिक्खूंना काही उपयोग नाही. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले. एकाने पाणी ओतले, एकाने अंग धुतले. मग एकाने डोक्याकडून आणि एकाने पायाकडून धरून त्याला बिछान्यावर ठेवले. तथागतांनी स्वतः पाणी ओतले, मग मुलाला कसली लाज? आणि आणखी एक बारकावा बघा. तथागतांनीही त्या आजाऱ्याला एकट्याने उचलले नाही. आजाऱ्याला उचलायला दोन माणसे लागतात, हे आम्हाला नर्सिंगच्या पहिल्या वर्षात शिकवतात. त्यानंतर तथागतांनी संघ बोलावला आणि आजाऱ्याची जबाबदारी सगळ्यांची आहे हे स्पष्ट केले. एका आनंदाच्या गळ्यात ते काम बांधून ते पुढे गेले नाहीत. आपल्या घरांत मात्र एकच सून आनंद असते, आणि संघ पडवीत बसून चहा मागतो.

अशा ऐकण्या-सांगण्याने खरेच फरक पडतो का? आपल्या शेजारी गोव्यात हे तपासून पाहिले गेले आहे. डॉ. अमित डायस, डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या ८१ कुटुंबांबरोबर काम केले आणि २००८ साली त्याचे निष्कर्ष छापले. घरोघरी जाणारी माणसे डॉक्टर नव्हती. स्थानिक भाषा बोलणारी, थोडे प्रशिक्षण घेतलेली साधी माणसे होती. ती आजार समजावून सांगत, सांभाळणाऱ्याचे ऐकून घेत, वागण्यातल्या अडचणींवर उपाय सुचवत, सरकारी योजनांची माहिती देत आणि अशा कुटुंबांची एकमेकांशी गाठ घालून देत. सहा महिन्यांनी पाहिले तेव्हा सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण लक्षणीय कमी झाला होता. आजार मागे हटला नव्हता, तो हटणारही नव्हता. काही औषधांनी काही रुग्णांत थोडा काळ फरक पडतो, पण आजार पूर्ण बरा करणारे औषध आज नाही. म्हणून व्हॉट्सॲपवर कोणी खोबरेल तेल पाजून स्मरणशक्ती परत आल्याची गोष्ट पाठवली तर ती पुढे पाठवू नका. खोटी आशा देणारी गोष्ट पुढच्या महिन्यात दुप्पट रडवते.

खरी गोष्ट पाहायची असेल तर सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' चित्रपट मंडळाने एकदा विहाराच्या पडद्यावर दाखवावा. संस्कृतचे मोठे पंडित असलेले शास्त्री सगळे विसरत चाललेत आणि एक दिवस हत्तीच्या मागे चालत हरवतात, अशी ती कथा आहे. शास्त्रींचे काम करणारे डॉ. मोहन आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत. हत्तीवाल्याची बायको चन्नम्मा या परक्या म्हाताऱ्याला लेकरासारखे जेवू घालते. त्या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना २०१३ सालच्या चित्रपटांसाठीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चन्नम्मा आम्हाला आवडली, पण एक टोचते. ती थोडा वेळच सांभाळते. तिच्याच झोपडीत तिचीच सासू आठ वर्षे अशी असती, मजुरी बुडत असती, तर काय झाले असते? तो चित्रपट अजून कोणी काढलेला नाही. गंमत अशी की याच सुमित्रा भावेंनी चित्रपटांत येण्याच्या सुमाराला पुण्यातल्या आठ दलित बायकांचे बोलणे ऐकून एक पुस्तक केले होते, आणि गेल ऑम्व्हेट यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले. 'आम्हीही इतिहास घडवला'साठी ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतल्या बायकांच्या आठवणी घरोघरी जाऊन अशाच गोळा केल्या. आपल्या बायका बोलतात. त्यांच्यासमोर कोणीतरी बसावे लागते.

म्हणून या वर्षावासात ग्रंथवाचनानंतर महिन्यातून एक संध्याकाळ सांभाळणाऱ्यांसाठी ठेवावी, असे आम्ही मंडळांना सुचवतो. त्या वेळी घरी म्हातारीजवळ कोण बसणार ते आधी ठरवावे, नाहीतर जिला यायला हवे तीच येणार नाही. बोलणारीला मध्येच सल्ला देऊ नये. "तू किती पुण्य करतंस" असेही म्हणू नये, कारण मग तिला थकल्याचे सांगता येत नाही. ऐकलेले बाहेर नेऊ नये. म्हातारीच्या वागण्यावर हसू आले तर हसावे, पण तिची नक्कल करू नये. आणि पुरुषांनी यावे, मागे उभे राहायला नव्हे, सतरंजीवर बसायला.

अशाच एका बैठकीत एक सून म्हणाली की एकदा सासूवर तिचा हात उठला. सगळ्या गप्प झाल्या. मग एक वयस्क बाई म्हणाली, "माझोय उठललो." मारणे चुकीचेच आहे, ज्याला स्वतःचा बचाव करता येत नाही त्याच्यावर तर नक्कीच. पण ती सून बोलली म्हणून शेजारणीला कळले की दुपारी दोन ते चार कोणीतरी तिथे बसायला हवे. ती बोलली नसती तर तो हात पुन्हा उठला असता. राग डोक्यात गेला असे वाटले की म्हातारीला सुरक्षित बसवा, खळ्यात या, शेजारणीला हाक मारा.

गोष्टी ऐकून धीर येतो, पण तपासणी चुकवू नका. थायरॉइड, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, उदासीनता, कमी ऐकू येणे, काही आठवड्यांपूर्वी पडून डोक्याला लागलेला मार, यांमुळेही माणूस विसरते, आणि यांवर उपचार आहेत. आधी ग्रामीण रुग्णालयात दाखवावे, लागल्यास ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात किंवा बांबोळीला. कालपर्यंत बरे असलेले माणूस आज अचानक ओळखेनासे झाले, बरळू लागले, तर ते म्हातारपण नव्हे. लघवीतला किंवा छातीतला जंतुसंसर्ग, साखर किंवा मीठ कमी होणे, पक्षाघात, यांपैकी काहीही असू शकते. त्याच दिवशी न्यावे. रात्री कोणाशी बोलावेसे वाटले तर टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येते. वयस्कर माणसांच्या अडचणींसाठी १४५६७ आहे.

कठडा नसलेली विहीर घराजवळ असेल तर ती आधी झाकून घ्या. म्हातारीच्या लुगड्याच्या आतल्या बाजूला तिचे नाव, वाडी आणि घरचा फोन नंबर लिहिलेली कापडाची पट्टी शिवा. कागद ठेवला तर ती फेकून देते.