घेण्यातली लीनता

शास्त्रपाठ : लूक १०:१-९ आणि २५-३७, योहान ४:१-१५



लीनतेवर मी पुष्कळ संदेश ऐकले आहेत, काही दिलेही आहेत. बहुतेकांत लीनता म्हणजे वाकून देणे: सेवा करणे, आपल्याजवळचे वाटणे. ते खरेच आहे. पण माझी लीनता किती कच्ची आहे हे मला कळले ते काही देताना नव्हे, घेण्याची वेळ आली तेव्हा.

सातपुड्यात, अक्राणी तालुक्यातल्या एका पाड्यावर आम्ही लहान मुलांची वजने घ्यायला गेलो होतो. होळी होऊन गेली होती. ऊसतोडीला गुजरातेत गेलेली कुटुंबे परतली होती. एका घरी आजींनी तांब्याभर पाणी पुढे केले. मी हसून म्हटले, "नको आजी, माझ्याकडे आहे," आणि पिशवीतली बाटली दाखवली. दुपारी त्यांनी भाकरी आणि उडदाची डाळ केली, तर आम्ही आमचे डबे उघडले. त्यांना त्रास नको हा हेतू होता. पोट बिघडेल ही भीतीही होती, ते लपवत नाही.

पुढच्या महिन्यात आजी नातवाला वजनाला आणीनात. मी आशाताईंना कारण विचारले. त्या जरा घुटमळल्या. मग म्हणाल्या, "ताई, त्या म्हणतात, बाईंना आमच्या हातचं चालत नाही."

हे वाक्य आपल्यातल्या कित्येकांच्या पणज्यांनी सोसलेले आहे. लक्ष्मीबाई टिळकांनी बाप्तिस्मा घेण्याआधीच खाण्यापिण्यातला विटाळ सोडून दिला होता, हे 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्यांना ठाऊक आहे. आणि मी, ख्रिस्ती घरात वाढलेली, ईश्वरविज्ञानाची पदविका घेतलेली, प्लास्टिकच्या बाटलीने तेच करून आले होते! तो तांब्या भरण्यासाठी आजींची सून पहाटे ओढ्यातल्या झिऱ्यापाशी बसून वाटीवाटीने हंडा भरते, हेही मला तेव्हाच कळले.

त्या रात्री लूकचा दहावा अध्याय उघडला. प्रभू सत्तर जणांना पाठवतो तेव्हा त्यांच्याजवळ पिशवी, झोळी, वहाणा काहीच ठेवू देत नाही. पूर्वी मला वाटे, हा साधेपणाचा धडा आहे. पण पुढचा क्रम पाहा. आधी घराला शांती म्हणायची. मग पुढे येईल ते खायचे. मग आजाऱ्यांना बरे करायचे आणि देवाचे राज्य जवळ आले आहे हे सांगायचे. जेवण औषधाच्या आधी आहे. आम्ही औषध घेऊन गेलो, सांगायलाही तयार होतो, जेवण मात्र गाळले. झोळी रिकामी ठेवायला प्रभूने का सांगितले असेल? भरल्या झोळीच्या माणसाला कुणाच्या दारात उभे राहावे लागत नाही, म्हणून असावे.

स्वतः प्रभू शोमरोनी स्त्रीशी बोलायला लागतो तेही पाणी मागून. तिला तर याचे नवलच वाटते.

आता करुणेविषयी. दहाव्या अध्यायातच पुढे चांगल्या शोमरोन्याला कळवळा येतो. मूळ ग्रीक शब्द आतड्यांवरून आला आहे. आपण मराठीत आतडे तुटते म्हणतो, तेच. हा दाखला आपण नेहमी शोमरोनी होऊन वाचतो. पण ऐकणारा शास्त्री यहूदी होता, आणि त्याला स्वतःला पाहायला सोपी जागा रस्त्यावर पडलेल्या माणसाची होती. ज्यांच्याशी आपण व्यवहार ठेवत नाही त्यांच्या हातून तेल, द्राक्षारस, पट्टी घेणारा. तिथे पडून वाचले की दाखला फार अवघड होतो.

मी पुन्हा गेले आणि आजींकडे पाणी मागितले. त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिले. मग दिले.

पोटाचा प्रश्न खराच आहे, तो श्रद्धेने सोडवायचा नाही. त्या पाण्याने माझ्याआधी त्यांचीच लेकरे आजारी पडतात. म्हणून आता क्लोरीनचे थेंब मी माझ्या बाटलीत टाकत नाही. घरच्यांना विचारून हंड्यात टाकते. अर्धा तास थांबावे लागते. त्या अर्ध्या तासात दाराशी बसून जे कळते ते आमच्या सर्वेक्षणाच्या कागदावर कधी आले नव्हते. मग सगळ्यांबरोबर त्याच हंड्यातले पिते.

नाताळात कांबळी वाटायला येणाऱ्या मंडळींना यंदा एक विनंती आहे. डबे आणू नका. एका घरी दोघांनीच जेवायचे आहे, म्हणजे कुणावर भार पडणार नाही. आदल्या दिवशी पीठ-डाळ पोचवू का, असे मी आजींना विचारले होते. त्या रागावल्याच. "शिधा घेऊन येतो तो पाहुणा कसला?" म्हणाल्या. भाजी बहुधा अंबाडीची असेल, आणि तिखट असेल.