गुलाब झोपतो कधी, ते आधी बघ

बायो, दिघीच्या अंगणात माणसाच्या डोक्यावर जाणारा आणि पुन्हापुन्हा फुलणारा गुलाब हवा म्हणतेस. हमखास येतो. इथली हवा गुलाबाची नाही, असं तुला दहा जण सांगतील. त्यांचं ऐकू नकोस. समोर आगरदांडा, डाव्या हाताला जंजिरा, वरून तीन हजार मिलीमीटरच्या घरातला पाऊस, खाली जांभा, आणि दिवसभर खारा वारा. एवढ्यात जगणारा गुलाब आहे, फक्त पुण्याचं वेळापत्रक त्याला लावायचं नाही.

झाड घेशील ते ‘क्वीन एलिझाबेथ’ घे. गुलाबी, मोठ्या फुलांचं, एका दांड्यावर कधी एक फूल, कधी झुबका. कॅलिफोर्नियातल्या डॉ. वॉल्टर लॅमर्ट्स यांनी ‘शार्लट आर्मस्ट्राँग’ आणि ‘फ्लोराडोरा’ यांच्या संकरातून ते काढलं, १९५४ साली बाजारात आलं, आणि इंग्लंडच्या राणीचा राज्याभिषेक नुकताच झाला होता म्हणून नाव तिचं मिळालं. हायब्रिड टी म्हणावं तर झुबके येतात, फ्लोरिबंडा म्हणावं तर फूल फार मोठं. म्हणून त्याच्यासाठी ‘ग्रँडिफ्लोरा’ हा नवा वर्गच काढावा लागला. सुगंध बेताचा आहे, ते आधीच सांगते. वासासाठी गावठी गुलाब वेगळा लाव. पण दमदारपणात याला तोड नाही. पाच-सहा फूट सहज होतो, उबदार हवेत आठाच्याही पुढे जातो, आणि काटे त्या मानाने कमी.

आता मुख्य गोष्ट. युरोपातले जुने गुलाब बहुतेक वर्षातून एकदाच फुलत. अठराव्या शतकाच्या शेवटी तिकडे चीनचे गुलाब पोचले आणि पुन्हापुन्हा फुलण्याचा गुण त्यांच्याकडून आला. या गुणाचा अर्थ असा, की निघालेला प्रत्येक धुमारा शेवटी कळीच धरतो. ऊब आणि पाणी आहे तोवर झाड थांबतच नाही. थंड देशात त्याला बर्फ थांबवतो. आपल्याकडे थांबवणारं कोणी नाही, म्हणून ते फुलत फुलत थकतं, आणि लोक म्हणतात रोग पडला. तर कुठल्याही गावी गुलाब लावताना पहिला प्रश्न हा विचारायचा, की इथे त्याची झोपेची वेळ कोणती? तुझ्या दादाच्या न्यू जर्सीत ती डिसेंबर ते मार्च. ताईच्या नागपुरात एप्रिल ते जून. दिघीत आषाढ-श्रावण. बाकीची सगळी कामं त्या झोपेच्या मागेपुढे बसवायची.

जागा घराच्या पूर्वेला धर. सकाळचं ऊन थेट पानावर आलं पाहिजे, कारण रात्रीचं दव जितक्या लवकर सुकेल तितकं बरं. पान सलग सात-आठ तास ओलं राहिलं की काळ्या ठिपक्यांच्या बुरशीला रुजायला तेवढं पुरतं. पश्चिमेचा वारा घराच्या भिंतीने अडू दे. भिंत आड येत नसेल तर त्या बाजूला अडुळसा आणि जास्वंद दाट लाव. वारा पूर्ण कोंडू नकोस, नुसता गाळून घे. कोंदट जागेत गुलाब जास्त आजारी पडतो.

खड्ड्याचं नीट ऐक. जांभ्यात खोल खड्डा खणून माती भरलीस, तर जुलैत ती टाकी होते आणि मुळं तिच्यात कुजतात. तळाशी खडी घालूनही ते टळत नाही, कारण पाण्याला बाहेर जायला वाट नसते. म्हणून हातभर खण, आणि वर वीतभर उंच ओटा कर, चिऱ्यांचा कठडा घालून. माती, चांगलं कुजलेलं शेणखत, थोडी रेती. रेती नदीची घे, पुळणीवरची नको, तिच्यात मीठ असतं. आपली लाल माती आंबट असते. गुलाबाला थोडी आंबट चालते, फार नाही, म्हणून वर्षातून एकदा मूठभर चुना किंवा चुलीतली राख दे.

रोप बहुधा पुण्याकडच्या, उरुळी कांचन-सोरतापवाडीच्या पट्ट्यातल्या नर्सरीतून आलेलं मिळेल. त्याच्या मुळाशी घट्ट चिकणमातीचा गोळा असतो. तसाच पुरलास तर बाहेरची माती सुकली तरी आत चिखल राहतो. गोळा बादलीत भिजत घाल आणि बोटांनी हलक्या हाताने सोडव. मग डोळा भरलेली गाठ बघ. खाली खुंट, वर कलम, मध्ये ती गाठ. इथे ती जमिनीच्या वर दोन बोटं राहिली पाहिजे, पावसात मातीखाली गेली की कुजते. न्यू जर्सीला तुझ्या दादाने मात्र तीच गाठ मातीखाली दोन बोटं पुरायची, म्हणजे थंडीने वरचं लाकूड मेलं तरी गाठ वाचते. गाठीखालून कधी जोमदार फांदी आली, पानाला सात-सात बारीक पानुल्या असल्या, तर तो खुंट. कात्रीने कापू नकोस, माती उकरून मुळापाशी ओढून काढ. कापलेला दुप्पट येतो.

दिघीचं वर्ष भातकापणीपासून सुरू होतं. दसरा उलटला, पाऊस गेल्याची खात्री झाली, की मोठी छाटणी. उंच गुलाब कमरेखाली आणायचा नाही. लोक हायब्रिड टीसारखा गुडघ्यापर्यंत तासतात आणि मग हा चिडून नुसती लाकडं उभी करतो. वरचा तिसरा हिस्सा काढ, मेलेलं, एकमेकांवर घासणारं, काडीहून बारीक ते सगळं काढ. काप बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या वर पाव इंच, आणि डोळ्याच्या उलट बाजूला उतरता. जाड कापांवर बोर्डो पेस्ट लाव, नाहीतर फांदी वरून काळी पडत खाली येते. सहा-सात आठवड्यांत, मार्गशीर्षाच्या आसपास, पहिला बहर. फुलं सुकली की पाच पानुल्यांच्या पहिल्या चांगल्या पानापर्यंत खाली काप. नुसती मान मोडलीस तर पुढचा धुमारा कुपोषित येतो. अशी शिस्त ठेवलीस तर दुसरा बहर संक्रांतीनंतर आणि तिसरा शिमग्याला.

फार उंच गेलेली काठी कापावीशी वाटेल. एखाददुसरी कापण्याऐवजी वाकव. सरळ उभ्या काठीत शेंड्याचाच डोळा जागा होतो. तीच काठी हळूहळू आडवी करून कुंपणाला बांधली, की तिच्या अंगावरचे डोळे ओळीने फुटतात आणि प्रत्येकावर फूल येतं. कोवळी असतानाच वाकव, जून झाली की तडकते.

मासळीची गोष्ट. पापलेट, बांगडा, कोलंबी गोड्या पाण्यात धुतली की ते पाणी गुलाबाला घाल, पण बुंध्यापासून हातभर लांब, आणि वर माती ओढ, नाहीतर रात्री मांजरं उकरतात. सुक्या बोंबलाचं, सोड्याचं पाणी मात्र कधीही नको, ते मिठाचं. गुलाबाला मीठ सोसत नाही. एप्रिल-मेमध्ये खाडीलगतच्या विहिरी मचूळ होतात. चव घेऊन बघ, आणि जिभेला कळलं तर ते पाणी माडाला दे, गुलाबाला नको. वारा फार झाला की पहाटे गोड्या पाण्याने पानं धुऊन काढ. संध्याकाळी धुवायची नाहीत. बुंध्याभोवती जुनी, एक पावसाळा भिजलेली नारळाची सोडणं पसर. ओल टिकते, आणि मातीतली बुरशी पावसाच्या थेंबांबरोबर उडून खालच्या पानांवर बसत नाही.

मे संपता संपता झाडाला झोपवायची तयारी. खत बंद. वरची दीड-दोन वीत काढ, जास्त नाही, आणि दोन बांबूंना घट्ट बांध. उंच झाड वाऱ्यात हलतं तेव्हा बुंध्याशी माती सैल होऊन वाटीसारखा खळगा पडतो, त्यात पाणी साचतं आणि मान कुजते. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं, आपल्या तालुक्यातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, ते तू पाहिलंस. तेव्हा बांबू जूनची वाट न बघता आधीच रोवलेले बरे. वादळानंतर पानं करपली तरी लगेच कापायला धावू नकोस. गोड्या पाण्याने धू, नवे डोळे कुठून फुटतात ते दिसू दे, मग काप.

पोफळीला कोळेरोगासाठी बोर्डो मारतात तेव्हाच गुलाबालाही मार. घरच्यापुरतं करायचं तर एक लिटर पाण्याला दहा ग्रॅम मोरचूद आणि दहा ग्रॅम कळीचा चुना. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत अर्ध्या-अर्ध्या पाण्यात विरघळव, मोरचुदाचं पाणी चुन्यात ओत, गाळ, आणि त्याच दिवशी संपव. स्वच्छ लोखंडी सुरी त्यात बुडवून बघ. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, आणखी घाल, नाहीतर पानं जळतील. कोवळ्या पालवीवर निम्म्या ताकदीचं मार. खालची दीड वीत पानं काढून टाक, गळलेली रोज उचल. पावसात पानं गेली, झाड उघडं दिसलं, तर घाबरू नकोस, ते झोपलंय. त्या दिवसांत खत घालून उठवायचं नाही. श्रावणात चुकार कळ्या येतील, त्या वाटाण्याएवढ्या असतानाच खुडून टाक.

नागपूरच्या ताईला सांग, तिकडे झोप पावसात नाही, उन्हाळ्यात. ऑक्टोबरच्या मध्याला छाटणी, पण मार्चनंतर कात्रीच नको. चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांत उघड्या काठ्या उन्हाने भाजतात, पानं हीच त्यांची सावली. त्या दिवसांत फूल लहान आणि फिकं येईल, येऊ दे. कोरड्या हवेत लाल कोळी लागतो, त्याला पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा पुरतो. तो सकाळी. पुण्याला त्रास थंडीतल्या भुरीचा, आणि काळ्या मातीत निचऱ्याचा.

न्यू जर्सीत दादाने ऑगस्टच्या मध्यानंतर खत थांबवायचं, ऑक्टोबरात सुकलेली फुलं झाडावरच राहू द्यायची. फळ धरलं की झाड आवरतं घेतं. जमीन गोठायला लागली की बुंध्यावर फूटभर माती चढवायची आणि छाटणी थेट मार्चअखेर, डोळे फुगताना. तिथे जुलैत हिरवट-तांबूस जपानी भुंगेरे फुलं खातात. अमेरिकेत ते पहिल्यांदा सापडले तेच न्यू जर्सीत, १९१६ साली. पहाटे गारठलेले असतात, तेव्हा साबणाच्या पाण्यात झटकायचे.

पहिल्या वर्षी फुलांचा मोह धरू नकोस. झाड कमरेला लागेपर्यंत कळ्या खुडत राहा, बुंधा भरू दे. आणि दसऱ्यानंतरच्या छाटणीत निघालेल्या काड्या फेकू नकोस. पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर, चार डोळ्यांच्या निवड. खालचे दोन डोळे रेतीत, वरचं एक पान अर्धं कापून ठेव, कुंडी सावलीत. स्वतःच्या मुळावर वाढलेलं झाड सुरुवातीला हळू चालतं, पण त्याला खुंटाची कटकट कायमची नसते. रुजायला महिना-दीड महिना लागतो. तोवर मूळ धरलं का म्हणून ओढून बघू नकोस.