ही तोंडी परीक्षा नव्हे गं

चार ठिकाणांहून इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं आणि तू मला विचारतेस काय, तर 'ताई, अभ्यास कशाचा करू?' अगं, आधी नीट जेव आणि झोप काढ. अमेरिकेत क्लिनिकल सायकॉलॉजीच्या एकेका पीएच.डी.ला शेकड्यांनी अर्ज येतात आणि घेतात सहा-आठ जणांना, फार तर दहा. त्या ढिगातून तुझा अर्ज कुणीतरी बाजूला काढून ठेवलाय. म्हणजे तुझे मार्क, तुझं स्टेटमेंट, तुझ्या मॅडमचं शिफारसपत्र, सगळ्याची छाननी होऊन गेली. आता डीएसएममधले मानसिक आजारांचे निकष पाठ करत बसलीस तर मी कोथरूडला येऊन ते पुस्तक माळ्यावर टाकीन.

खरं सांगू का, तिकडच्या बहुतेक पीएच.डी.त तुला प्रवेश विभाग देतो, पण तू जातेस एका माणसाच्या लॅबमध्ये. इंटर्नशिपचं वर्ष धरून पाच ते सात वर्षं त्या एका प्रोफेसरबरोबर काढायची असतात. त्यामुळे तुला किती येतं याची काळजी समोरच्या बाईंना फारशी नसते. तुझा मसुदा लाल करून परत पाठवला तर ही मुलगी आठवडाभर रुसेल, की दुसऱ्या दिवशी कामाला लागेल? डेटा मनासारखा आला नाही तर येऊन सांगेल, की दडवून ठेवेल? हे त्यांना बघायचं असतं, आणि ते तुझ्या बोलण्यातूनच कळतं.

म्हणून तयारी करायचीच तर त्यांचे अलीकडचे दोन-तीन पेपर वाच. नुसता सारांश नको, शेवटपर्यंत वाच. शेवटी 'मर्यादा' म्हणून एक परिच्छेद असतो ना, जो आपण सगळेच गाळतो, तिथे लेखक स्वतःच सांगतात की आमचं कुठे अडलं. तुझे प्रश्न तिथून काढ. 'तुमचं काम मला खूप आवडतं' हे त्या दिवशी सगळेच म्हणणार आहेत. 'तुमच्या अभ्यासात सहा महिन्यांनंतर लोक गळाले, ते कोण होते याचा शोध घेतलात का?' असं तू विचारलंस तर त्या खुर्चीत जरा पुढे सरकतील.

'संशोधन करायचंय की पेशंट बघायचेत?' हा प्रश्न येईल तेव्हा जपून हो, तो दिसतो तितका साधा नाही. १९४९ साली कोलोरॅडोतल्या बोल्डरला परिषद भरली होती, तिथे ठरलं की क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट संशोधकही हवा आणि उपचारकही. पुढे १९७३ मध्ये त्याच राज्यात व्हेलला झालेल्या परिषदेनं साय.डी. या उपचाराकडे झुकणाऱ्या पदवीला पाठिंबा दिला. आजही कुठला विभाग कुठल्या बाजूला झुकलाय ते त्यांच्या संकेतस्थळावर पाच मिनिटांत कळतं. संशोधनाकडे झुकलेल्या ठिकाणी 'मला खरं तर फक्त पेशंटच बघायचेत' म्हणालीस, की मुलाखत तिथेच संपली असं समज. बाकी वेळ ते तुझ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारतील. आणि तुला खरंच तसं वाटत असेल, तर त्या जागी जाऊच नकोस ना बाई, सात वर्षं कुढत काढशील.

आता तुझ्या सगळ्यात मोठ्या अडचणीकडे येते. तू परवा फोनवर सराव करताना गोव्यातल्या प्रकल्पाबद्दल काय सांगितलंस आठवतंय? 'आम्ही डेटा गोळा केला, आमच्या टीमनं फॉलो-अप घेतले.' आपण मुली अशाच वाढतो बघ, स्वतःचं नाव घ्यायचं म्हणजे जीभ अडखळते. पण समोरच्याला टीमला घ्यायचं नाहीये गं, तुला घ्यायचंय. त्याच फोनवर, सराव संपल्यावर, चहा ओतता ओतता तू मला सांगितलंस की काजूच्या दिवसांत बायका दुपारच्या भेटीला येईनाशा झाल्या, तेव्हा तू सुपरवायझरशी भांडून भेटी संध्याकाळी घ्यायला लावल्यास, आणि हजेरी वहीत कारण लिहिण्यासाठी वेगळा रकाना आखलास. अगं, तेच तर सांगायचंय! तो रकाना म्हणजे तुझं संशोधन. काय अडलं, मी काय केलं, त्यानं काय फरक पडला, आणि आज करायचं झालं तर काय वेगळं करीन, एवढं दोन मिनिटांत सांगता आलं पाहिजे. आरशासमोर नको, माझ्यासमोर सांग.

आणि गोव्याचं नाव निघालं की तिथल्या संगथ या संस्थेचा विषय निघेल, हे धरून चाल. त्यांचा २०१७ साली लॅन्सेटमध्ये आलेला अभ्यास या क्षेत्रातल्या पुष्कळांना माहीत आहे. गोव्यातल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या रुग्णांना मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ बैठका दिल्या, आणि नेहमीच्या उपचारांपेक्षा फरक पडला. त्यावर हमखास येणारा प्रश्न असा: 'मग पीएच.डी. झालेल्या माणसाचं काम काय उरलं?' दचकू नकोस. प्रशिक्षण कुणी आखायचं, देखरेख कुणी करायची, ज्यांना फरक पडला नाही त्यांचं पुढे काय, हे प्रश्न तू तिथे बसून पाहिलेस. तुझ्याशेजारी बसलेल्या मुलानं ते फक्त वाचलेत.

आता जरा नाजूक बोलू का? 'या क्षेत्रात का यावंसं वाटलं?' हा प्रश्न प्रत्येक खोलीत येतो. तुझ्या घरात काय झालं ते मला माहीत आहे, आणि त्यातूनच तू इकडे वळलीस हेही माहीत आहे. पण ते सगळं तिथे मांडू नकोस. ॲपलबी आणि ॲपलबी यांचा २००६ सालचा एक लेख आहे, अर्ज कशामुळे फेटाळले जातात यावर. प्रवेश समित्यांनी सांगितलेल्या चुकांमध्ये स्वतःच्या मानसिक आजाराची नको इतकी कहाणी सांगणं ही एक ठळक चूक होती. मनाचे डॉक्टर होऊ पाहणाऱ्यांनी मनाचं बोलू नये, ही गंमतच आहे, आणि मला ती अजूनही पटत नाही. पण नियम बदलायला आत जावं लागतं. 'घरात आजारपण जवळून पाहिलं, तिथून प्रश्न पडायला लागले' इथपर्यंत ठीक. त्यानंतर लगेच प्रश्नावर ये, कहाणीवर रेंगाळू नकोस. सांगताना आवाज भरून येत असेल तर ती गोष्ट अजून खोलीत न्यायची नाही, माझ्याकडे आणायची.

विविधतेबद्दलही विचारतील. आपल्याला वाटतं, आपण परदेशी, सावळे, म्हणजे हा प्रश्न आपल्याला माफ. नाही गं. तुझं आडनाव त्यांना कळत नसेल, मला कळतं. गोव्याच्या त्या गावात कोण तुझ्याशी मोकळं बोललं आणि कोण दारातूनच 'बरं आहे' म्हणालं, त्यात जातीचा, शिक्षणाचा, तुझ्या पुणेरी मराठीचा वाटा किती होता, याचा विचार करून जा. 'आमच्याकडे आता असलं काही राहिलं नाही' हे वाक्य तोंडातून निघालं तर मी तुला ओळखत नाही म्हणून सांगेन.

शेवटी प्रत्येक जण विचारेल, 'तुला काही विचारायचंय?' माझ्या वेळी मी ताठ बसून 'नो सर, एव्हरीथिंग इज क्लिअर' म्हणाले होते. समोर बाई होत्या. तू किमान पाच प्रश्न वहीत लिहून ने, आणि त्यातला एक तरी पैशाचा असू दे. फी माफ आहे का, स्टायपेंड नऊ महिन्यांचा की बारा, उन्हाळ्यात काय खायचं, आरोग्यविमा कोण भरतं. पैशाचं बोलायला लाजू नकोस, तुझे बाबा कर्जाच्या कागदावर सही करणार आहेत. वर्षाला ४०,००० डॉलरच्या पुढे फी असलेली साय.डी.ही आहेत, आणि तिथले लोकही खूप गोड बोलतात.

एपीएची, म्हणजे तिकडच्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेची, मान्यता असलेल्या प्रत्येक विभागाला आपले आकडे संकेतस्थळावर जाहीर करावे लागतात. किती वर्षं लागतात, किती जण मध्येच सोडून जातात, इंटर्नशिप किती जणांना मिळते, परवाना किती जण मिळवतात. तो तक्ता काढून ठेव. सोडून जाणाऱ्यांचा रकाना फुगलेला दिसला तर नम्रपणे विचार. उत्तरापेक्षा उत्तर देणाऱ्याचा चेहरा बघ.

आणि व्हिसा. हे तुला तिथलं कुणी आपणहून सांगणार नाही, म्हणून मी सांगते. पीएच.डी.च्या शेवटी वर्षभराची पूर्णवेळ इंटर्नशिप असते. माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांत, म्हणजे व्हीएमध्ये, तिच्या भरपूर जागा असतात, पण त्यांना अमेरिकन नागरिकत्व लागतं. त्या तुझ्यासाठी नाहीत. एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेची एफ-३१ फेलोशिपही साधारणपणे नागरिक आणि ग्रीनकार्डवाल्यांनाच. शिवाय इंटर्नशिप सीपीटीवर, म्हणजे शिक्षणाचा भाग म्हणून मिळणाऱ्या कामाच्या परवानगीवर करायची, तर पूर्णवेळ सीपीटीचे बारा महिने भरले की ओपीटीचा, म्हणजे पदवीनंतर काम करण्याच्या परवानगीचा, हक्क जातो. यावर शहाणे विभाग आधीच उपाय शोधून ठेवतात. म्हणून सरळ विचार: 'तुमच्याकडे याआधी परदेशी विद्यार्थी होते का, त्यांनी इंटर्नशिप कुठे केली?' 'हो, तिचा नंबर देते' असं उत्तर आलं तर चांगलं. 'आमचं इंटरनॅशनल ऑफिस खूप मदत करतं' एवढंच आलं, तर वहीत प्रश्नचिन्ह काढ.

लॅबमधल्या विद्यार्थ्यांशी वेगळं बोलणं होईल. ती मुलं गोड असतात, तुझ्याच वयाची, चप्पल काढून बसल्यासारखं वाटतं. बैस, हस, पण तिथे बोललेलं आत पोचतं हे ध्यानात ठेव. दुसऱ्या विद्यापीठाला नावं ठेवू नकोस. त्यांना विचार की मेलला प्रोफेसर किती दिवसांनी उत्तर देतात, आणि लॅबमधून शेवटचं कुणी गेलं ते का गेलं. त्यांनी एकमेकांकडे बघितलं, की तुला कळलं. प्रत्यक्ष बोलावलं आणि जेवायला नेलं, तर काय खातेस ते सरळ सांग. मी भिडेपोटी 'आय ईट एव्हरीथिंग' म्हटलं आणि अख्खी संध्याकाळ ऑक्टोपसच्या ताटलीकडे बघत बसले.

तुझ्या तीन मुलाखती ऑनलाइन आहेत, तर घड्याळ नीट लाव. हिवाळ्यात आपण अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापेक्षा साडेदहा तास पुढे असतो. त्यांचे सकाळचे नऊ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसात, आणि त्यांचे चार वाजतील तेव्हा तुझ्याकडे रात्रीचे अडीच. दुपारी झोपून घे. साडेसहाला पोळी-भाजी खा, भात नको, अकरालाच पेंग येईल. फोनचा हॉटस्पॉट तयार ठेव, इन्व्हर्टर चालतोय का ते आदल्या दिवशी बघ, आणि आईला सांग, कुकर सातच्या आत. साधा, एकरंगी कुर्ता छान दिसतो, ब्लेझर विकत घ्यायची काही गरज नाही. मधल्या पंधरा मिनिटांच्या सुट्टीत मेल बघायचे नाहीत, गच्चीवर जाऊन यायचं. दुसऱ्या दिवशी ज्यांच्याशी बोललीस त्यांना चार ओळींचं आभाराचं पत्र, त्यात त्यांच्याशी झालेल्या बोलण्यातली एखादी गोष्ट.

मग वाट बघणं. कुणाला आठवड्यात कळतं, कुणाला महिना होऊन जातो, आणि कुणाला काहीच कळवत नाहीत, हे शेवटचं मला असभ्य वाटतं पण होतं. १५ एप्रिल ही तारीख लिहून ठेव. बहुतेक विद्यापीठांनी मान्य केलेल्या ठरावाप्रमाणे, फंडिंगसह आलेल्या प्रस्तावाला त्याआधी उत्तर देण्याची सक्ती तुझ्यावर करता येत नाही. कुणी 'परवापर्यंत सांग' म्हणून मागे लागलं, तर गोड बोलून वेळ माग. पण दोन जागा हातात आल्या आणि एक नक्की नको असेल, तर ती त्याच दिवशी सोड. तिकडे कुणी तरी वेटिंग लिस्टवर फोन उशाशी घेऊन झोपतंय. आणि तू वेटिंगवर असलीस, तर १५ तारखेच्या दुपारपर्यंत आशा सोडायची नाही. शेवटच्या दिवशी यादी भराभर हलते, मी पाहिलंय.

शनिवारी रात्री आठला कॅमेरा लावून बस, मी प्रोफेसर होणार आहे आणि अजिबात हसणार नाही. प्रश्नांची वही आधी फोटो काढून पाठव. त्यात स्टायपेंडचा प्रश्न दिसला नाही, तर कॉल उचलणार नाही.