पाण्याचे होज बदलण्याचे दिवस

चि. बाबू यास,


लाँच वर ओढली आणि दोन्ही इंजिनांचं काम तुझ्याकडे दिलं, असं ताईने फोनवर सांगितलं. फार आनंद झाला. पावसात गेटवे-मांडवा फेऱ्या बंद असतात, तेवढेच दिवस आपले. बहुतेक ठिकाणी त्या दिवसांतला पैसा रंगाला आणि फळ्यांना जातो. इंजिनात तेल बदललं, फिल्टर बदलला की काम झालं असं धरतात. तू तसं धरू नकोस. या पावसाळ्यात पाण्याचे सगळे होज बदल. दोन्ही इंजिनांचे, सगळे.

मालक म्हणतील, होज तर चकचकीत आहेत. चकचकीत असतीलही. रबर बाहेरून कसं दिसतं याला या कामात फारशी किंमत नाही. आतल्या गोड्या पाण्याच्या फेऱ्यात गरम कूलंट असतं आणि बिड, तांबं, ॲल्युमिनियम असे वेगवेगळे धातू त्याला लागलेले असतात. त्यातून अगदी बारीक वीज खेळते आणि होजच्या आतल्या अंगाला उभ्या भेगा पाडते. भेगांतून कूलंट रबरामधल्या दोऱ्याच्या विणीत शिरतं, वीण कुजते, आणि मग भर वेगात कधीतरी होज फुटतो. या भेगा जास्त करून टोकांजवळ पडतात. म्हणून होज मधोमध दाबून "ठीक आहे" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नकोस. इंजिन थंड असताना क्लिपपासून दोन बोटं अलीकडे अंगठ्याने आणि तर्जनीने दाब, मग मधे दाब. टोक मधल्यापेक्षा मऊ किंवा पोकळ लागलं, आत काही सरकल्यासारखं वाटलं, तर तो होज गेला. तेल लागून फुगलेला, कडक होऊन तडकलेला होज तर डोळ्यालाही दिसतो; त्याची चिंता कमी. चार-पाच वर्षं झाली की मी हाताचा कौलही घेत नाही, सरळ बदलतो.

खाऱ्या पाण्याची बाजू निराळी आहे. सी-कॉकपासून जाळीपर्यंत आणि जाळीपासून पंपापर्यंत जो होज जातो, त्यात पंप पाणी ओढत असतो, म्हणून तो चपटा होऊ नये यासाठी आत तारेचं वेटोळं असतं. कापलेल्या टोकातून खारं पाणी तारेला लागतं, तार गंजते. कधी आतलं अस्तर सुटून पडद्यासारखं मधे येतं. मग इंजिन धक्क्यावर हळू चालवलं तर तापमान बरोबर, आणि खाडीबाहेर वेग वाढवला की काटा चढतो. माणसं इम्पेलर बदलतात, थर्मोस्टॅट बदलतात, कूलर खोलून साफ करतात, आणि दोष त्या होजमध्ये बसलेला असतो. मुंबई बंदरात प्लास्टिकच्या पिशव्या जाळीत अडकतात, त्यामुळे संशय आधी जाळीवर जातो, ते बरोबरच. जाळी साफ असूनही काटा चढला तर हा होज काढून आतून बॅटरीच्या उजेडात बघ.

मालकांचं दुसरं म्हणणं मला माहीत आहे: इंजिनं दोन आहेत, एक बंद पडलं तर दुसऱ्यावर येता येईल. पण दोन्हीकडचे होज एकाच दिवशी चढवलेले, एकाच उष्णतेत भाजलेले. एक फुटला म्हणजे दुसराही त्याच वयाचा आहे. आणि आपल्या लाँचमध्ये दोन्ही इंजिनं एकाच खोलीत आहेत. ३८ मिलिमीटरचा होज पाण्याच्या पातळीखाली ६० सेंटीमीटरवर निसटला, तर त्या भोकातून मिनिटाला २०० लिटरहून जास्त समुद्र आत येतो. डाव्या इंजिनाचा होज सुटला म्हणून उजवं इंजिन कोरडं राहत नाही. वर माणसं बसलेली असतात, त्यांच्या मांडीवर मुलं असतात. हे मालकांना शांतपणे सांग. ऐकतील.

आता कामाचं. सगळं एकदम उघडू नकोस. आधी एकाच इंजिनाचे बदल, ते चालवून बघ, मगच दुसऱ्याला हात लाव. चूक झाली तर ती दोन्हीकडे होऊ नये. काढण्याआधी प्रत्येक होजचा फोटो घे आणि दुकानात जाताना जुना होज बरोबर ने. माप आतल्या व्यासाचं द्यायचं, बाहेरचं नाही. जिथे वळण आहे तिथे वळणाचाच तयार होज आण; सरळ होज वाकवून बसवला की तो मुडपतो आणि तिथेच पाणी अडतं. निळे सिलिकॉनचे होज उष्णतेला चांगले, पण महाग, आणि तेल-डिझेल त्यांना मानवत नाही. पंपाच्या ओढीच्या बाजूला तर तारेचाच हवा. एक्झॉस्टचा होज त्याच कामासाठी बनवलेला घे. त्यातून धूर आणि पाणी दोन्ही जातं. तो गळला तर पाण्याबरोबर विषारी वायूही खोलीत भरतो आणि त्या वायूला वास नसतो. या होजवर पैसे वाचवू देऊ नकोस.

जुना होज नळीवर चिकटलेला असेल तर पाना लावून पिळू नकोस. कूलरच्या पितळी नळ्या पातळ असतात, पिळल्या की तिथेच चिरतात आणि शंभराचं काम हजारांत जातं. होजला लांबीत चीर दे, नळीला पातं लागू न देता, आणि साल काढावी तसा सोलून काढ. नळीवरचं मीठ आणि खपल्या बारीक पॉलिश पेपरने घास. नवा चढवताना ग्रीस किंवा तेल लावू नकोस, कूलंटच्या होजचं रबर त्याने फुगतं. साबणाचं पाणी पुरे.

क्लिपा नव्याच घे. स्टेनलेस म्हणून विकतात, पण पुष्कळदा पट्टी स्टेनलेस आणि स्क्रू साधा असतो. दुकानातच स्क्रूला लोहचुंबक लाव. घट्ट चिकटला तर परत ठेव. ३१६ नंबरची मिळाली तर उत्तम. पाण्याच्या पातळीखाली प्रत्येक टोकाला दोन क्लिपा हव्यात, मात्र नळी तेवढी लांब असली तरच. दुसरी क्लिप नळीच्या टोकापलीकडे गेली तर ती होज कापते. फार आवळूही नकोस, रबर क्लिपच्या भोकांतून वर येऊ लागलं की थांब. ही क्लिप पहिल्यांदा ब्रिटिश नौदलातल्या लमली रॉबिन्सन या कमांडरने केली, १९२१ साली तिचं पेटंट निघालं. तेव्हापासून तिची रचना जवळपास तशीच राहिली आहे, इतकं ते काम नेमकं झालं. मला त्या माणसाचा फार आदर वाटतो.

कूलंट भरताना विहिरीचं पाणी घालू नकोस, आपल्याकडच्या पाण्याने आत चुना धरतो. बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी आण. हवा अडकते, म्हणून हळूहळू भर, इंजिन थोडं चालव, थंड होऊ दे, पुन्हा भर. गरम असताना टोपी उघडायची नाही, कोणी कितीही घाई केली तरी. पहिल्यांदा तापून थंड झालं की सगळ्या क्लिपा पुन्हा एकदा तपास, रबर बसल्यामुळे त्या सैल पडतात.

प्रत्येक सी-कॉकला त्याच्या मापाची लाकडी खुंटी दोरीने बांधून ठेव. सर्वांत मोठ्या होजचा हातभर तुकडा आणि चार क्लिपा डब्यात असू देत. काढलेले जुने होज मधोमध कापून टाक, नाहीतर "तात्पुरता लावू" म्हणून कोणीतरी तेच परत चढवेल.

पाण्यात उतरल्यावर माणसं घेण्याआधी धक्क्याजवळच अर्धा तास पूर्ण वेगात चालवून बघ. खोलीत स्वतः उतर, हात फिरव, एक्झॉस्टमधून पाणी नेहमीइतकं पडतंय का ते बाहेरून दुसऱ्याला बघायला सांग. तारीख वहीत लिहून ठेव, होजवर पांढऱ्या रंगानेही लिही. मापांची यादी झाली की मला कळव, खरेदीला मी बरोबर येईन.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा