परसातील कुक्कुटपालन : एका घराचे नव्हे, साऱ्या वाडीचे काम

२०१९ मध्ये झालेल्या विसाव्या पशुगणनेनुसार देशातील कोंबड्या व तत्सम पाळीव पक्ष्यांची संख्या सुमारे ८५ कोटी १८ लाख होती. त्यांपैकी सुमारे ३१ कोटी ७० लाख पक्षी परसात पाळलेले होते. २०१२ च्या गणनेच्या तुलनेत परसातील पक्ष्यांत जवळजवळ ४६ टक्के वाढ झाल्याचे त्या वेळी दिसून आले. मोठ्या कुक्कुटशाळांच्या काळातही अल्पभूधारक व भूमिहीन कुटुंबांनी दारची कोंबडी सोडलेली नाही, हे यावरून स्पष्ट होते. या व्यवसायाची सारी जबाबदारी बहुधा घरातील स्त्रीच सांभाळते आणि अंड्यांचा पैसाही तिच्याच हाती राहतो. तथापि, उबवलेल्या पिलांपैकी बरीचशी पिले मोठी होण्यापूर्वीच दगावत असतील, तर हा पैसा हाती येणार कसा? त्यामागील कारणे व उपाय यांचा येथे विचार करू.

अंड्यांची निवड व उबवणी

उबवणीसाठी फलित अंडीच हवीत. त्यासाठी आठ ते दहा माद्यांमागे एक सशक्त नर असावा. अंडी मध्यम आकाराची, न तडकलेली व स्वच्छ असावीत. ती पाण्याने धुऊ नयेत. थंड जागी, रुंद टोक वर करून ठेवलेली अंडी सात दिवसांच्या आत उबवणीस बसवावीत. त्यानंतर त्यांची उबण्याची क्षमता घटत जाते.

गावरान कोंबडी खुडूक झाली की तिच्याखाली दहा ते बारा अंडी ठेवावीत. टोपलीत राख व त्यावर कोरडे गवत पसरावे. राखेमुळे उवा व गोचिडांचा उपद्रव कमी होतो. कोंबडी दिवसातून एकदा चारापाण्यासाठी उठते, म्हणून दाणे व पाणी जवळच ठेवावे. सातव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत विजेरीच्या झोतासमोर अंडे धरून पाहावे. सजीव अंड्यात लाल शिरांचे जाळे दिसते. निर्जीव अंडे स्वच्छ दिसते, ते काढून टाकावे. अठराव्या दिवसानंतर अंड्यांना हात लावू नये. एकविसाव्या दिवशी पिले बाहेर येतात.

हैदराबाद येथील संशोधन संस्थेने विकसित केलेल्या ‘वनराज’, ‘ग्रामप्रिया’ किंवा बंगळूरच्या कृषी विद्यापीठाच्या ‘गिरिराज’ या सुधारित जाती अंडी व वजन यांत सरस आहेत; परंतु त्या सहसा खुडूक होत नाहीत. म्हणून सुधारित पक्षी आणले तरी दोन-चार गावरान कोंबड्या राखणे शहाणपणाचे ठरते.

पहिले आठ आठवडे

पिलांना पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश सेल्सियस ऊब लागते. पुढे दर आठवड्यास ती सुमारे तीन अंशांनी कमी करावी. आई सोबत असेल तर ही काळजी तीच घेते. मात्र घार, मुंगूस व मांजर यांपासून संरक्षणासाठी पहिले काही आठवडे आई व पिले डालग्याखाली अथवा जाळीच्या खुराड्यात ठेवावीत. कणी, भरडलेला मका व स्वच्छ पाणी सतत मिळावे.

याहून मोठा शत्रू म्हणजे राणीखेत रोग. कुमाऊँ टेकड्यांतील राणीखेत या गावावरून त्याला हे नाव पडले. मान वाकडी होणे, हिरवट हगवण व धाप ही त्याची लक्षणे होत. हा रोग विषाणूजन्य असल्याने त्यावर औषध नाही. प्रतिबंधक लस हाच उपाय. पाचव्या ते सातव्या दिवशी ‘लासोटा’ लशीचा थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत टाकतात. सहा ते आठ आठवड्यांच्या वयात ‘आर-टू-बी’ लस टोचतात.

खरी अडचण येथेच आहे. लशीच्या कुपीत शंभर किंवा त्याहून अधिक मात्रा असतात. ती शीतपेटीतून आणावी लागते आणि एकदा विरघळविली की सुमारे दोन तासांत संपवावी लागते. आठ पक्षी असलेल्या घराने एवढ्यासाठी कुपी फोडणे परवडत नाही. म्हणून लस टळते आणि साथ आली की साऱ्या वाडीची खुराडी ओस पडतात. उलट बारा घरांनी प्रत्येकी आठ पक्षी एकत्र केले, तर ९६ पक्ष्यांना एकच कुपी पुरते. शिवाय परसातले पक्षी मोकळे हिंडतात. अकरा घरांनी लस दिली आणि बाराव्याने दिली नाही, तर रोगाला शिरकावाची वाट मोकळीच राहते.

एकत्र येण्याचे अन्य लाभ

शेजारणींनी ठरवून एकाच आठवड्यात कोंबड्या बसविल्या, तर पिले एका वयाची होतात व लसीकरणाचा दिवस जुळतो. आधी खुडूक झालेल्या कोंबडीखाली दोन-तीन साधी अंडी ठेवून तिला काही दिवस थोपवून धरता येते. दरवर्षी दुसऱ्या वाडीतून नर बदलून घेतल्यास जवळच्या नात्यातील संकर टळतो व पिले सशक्त निपजतात. आजारी पक्षी बाजारात विकू नये, हा नियमही सर्वांनी मिळून पाळला तरच त्याला अर्थ आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशात प्रथमच बर्ड फ्लूची नोंद झाली आणि फार मोठ्या संख्येने पक्षी नष्ट करावे लागले. एकाएकी अनेक पक्षी मरू लागल्यास त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. मृत पक्षी उघड्यावर न टाकता त्यांची विल्हेवाट दवाखान्याच्या सल्ल्यानेच लावावी.

ग्रामपंचायतीने वाडीवार लसीकरणाचा दिवस ठरवून फलकावर लिहावा. महिला बचत गटांनी पक्ष्यांची मोजणी करून लशीची मागणी आधी कळवावी. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना अंडे प्रकाशात तपासण्याचा प्रयोग दाखवावा. या कामाला मोठा निधी लागत नाही. शेजाऱ्यांनी एक दिवस ठरवून तो पाळावा लागतो. एवढे साधले तर उबलेले पिलू खुराड्यात वाढेल आणि गृहिणीच्या कष्टाचे मोल तिच्या पदरी पडेल.